रकान्याबाहेरचे लेकरू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आपल्या दैनिकाने काढलेली पुरवणी मी दोनदा वाचली. मुलांविषयीच्या पानावर मोबाईलचे व्यसन, परीक्षेची भीती, आईवडिलांच्या वाढत्या अपेक्षा यांवर चांगले लेख होते आणि त्यांतील एकाही मुद्द्याशी माझा वाद नाही. परंतु ज्या घरातल्या सात वर्षांच्या मुलाला जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येतात, जो आईच्या हातची भाकरी विषारी समजून दोन दोन दिवस उपाशी राहतो, त्या घराविषयी त्या पुरवणीत एक ओळही नव्हती. असे घर माझे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी गोदाकाठच्या एका खेड्यात गेली अकरा वर्षे अंगणवाडी सेविका आहे. माझे पती कोरडवाहू शेती करतात. मुलगा आता नऊ वर्षांचा असून मुलगी पाच वर्षांची आहे. माझे, मुलाचे आणि गावाचे नाव कृपया छापू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती तिच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देण्यास मनाई केली आहे, आणि माझा मुलगा अजून अशी संमती देण्याच्या वयाचा नाही. पुढे तो कॉलेजात जाईल, कुठे कामाला लागेल, तेव्हा आईने लिहिलेले हे पत्र कोणी त्याच्यापुढे धरू नये.

सहा वर्षांपर्यंत त्याच्यात काहीही वेगळे नव्हते. तो वेळेवर बसला, वेळेवर चालला, आजीच्या मांडीवर बसून हरिपाठाचे अभंग म्हणू लागला. इतरांच्या मुलांची वजने आणि उंची दर महिन्याला लिहून ठेवणे हेच माझे काम असल्याने माझ्या मुलाचा प्रत्येक टप्पा माझ्याकडे तारखेनिशी नोंदलेला आहे. दुसरीत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याची झोप मोडली. रात्री दोन-अडीचला तो उठून बसे आणि धान्याच्या कोठीकडे पाहत हळू आवाजात उत्तरे देई. प्रश्न आम्हाला ऐकू येत नसत. महिनाभराने त्याने कानांत कापूस कोंबायला सुरुवात केली. एके दिवशी तो मला म्हणाला, ‘‘आजीच्या आत दुसरंच कोणीतरी येऊन बसलंय. तिच्या हातचं खाऊ नको असं ते सांगतात.’’ हे त्याने इतक्या शांतपणे सांगितले की त्याच्या रडण्यापेक्षा ती शांतता मला अधिक जड गेली. ज्यांच्या कुशीत तो जन्मल्यापासून निजत आला, त्या माझ्या सासूबाई त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसू लागल्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पुढे वर्षभराने त्याने त्यांच्या ताटातला घास उचलून खाल्ला, तेव्हा त्या उठून मागच्या दारी गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

गावाने तोवर दोन निदाने करून टाकली होती. काहींच्या मते ही बाहेरची बाधा होती, काहींच्या मते आई नोकरीला जाते म्हणून मूल लाडावले आणि बिघडले. पहिल्या निदानाला मी स्वतः बळी पडले, हे मला या पत्रात लपवायचे नाही. मी त्याच्या दंडाला ताईत बांधला, लिंबू उतरवून टाकले, तीन अमावास्या देवऋष्याकडे नेले. चौथ्या खेपेला त्याने मिरचीची धुरी द्यायला काढली आणि साखळी आणायला सांगितले, तेव्हा माझे पती मुलाला खांद्यावर टाकून तडक घरी घेऊन आले. बाधा उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा मला तेव्हाही ठाऊक होता. तरीही मी तेथे गेले, कारण देवऋषी दीड कोसावर होता आणि त्याच संध्याकाळी भेटत होता. मुलांच्या मनाचे डॉक्टर कोठे असतात हे मात्र आम्हाला सांगणारे आसपास कोणी नव्हते. या सगळ्यात आठ महिने गेले, आणि मनाच्या तीव्र आजारात उपचाराला जितका उशीर होतो तितका आजार आटोक्यात यायला वेळ लागतो, असे डॉक्टरांनी मला नंतर समजावले.

दुसरे निदान, म्हणजे आईचा दोष, मला अजूनही ऐकावे लागते. गेल्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांत डॉक्टरमंडळीही अशा मुलांच्या आजाराचे खापर आईच्या कोरडेपणावर फोडत असत. पुढच्या संशोधनाने ती समजूत पूर्णपणे मोडीत निघाली. या आजारांत अनुवंश आणि मेंदूची घडण यांचा वाटा मोठा आहे हे आता वैद्यकशास्त्र मानते. शास्त्राने मागे घेतलेला हा आरोप आमच्या गल्लीत अजून चालू आहे, आणि तो करणाऱ्या बहुतेक बायका मनाने चांगल्या आहेत. त्यांना कोणी वेगळे सांगितलेलेच नाही.

अखेर दोनशे किलोमीटरवरच्या शहरात मुलांच्या मानसिक आजारांचे तज्ज्ञ भेटले. त्यांनी लगेच कोणतेही नाव उच्चारले नाही. फिट्स आहेत का, थायरॉईडचा दोष आहे का, शरीरात तांबे साचण्याचा आजार आहे का, शरीराची प्रतिकारशक्तीच उलटून मेंदूला सूज आणते आहे का, हे एकेक करून तपासले. कारण या सर्वांत मुलाला भास होऊ शकतात आणि त्यांपैकी काहींवर वेगळे, नेमके उपचार आहेत. हे मी मुद्दाम लिहीत आहे. लहान मुलाला अचानक भास होऊ लागले तर पहिल्यांदा संपूर्ण तपासणी झालीच पाहिजे, ही गोष्ट एखाद्या घराच्या उपयोगी पडेल. आमच्या मुलाच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या. पुढे एकदा नांदेडहून सुटणाऱ्या थेट गाडीने आम्ही त्याला बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत नेऊन दुसरे मतही घेतले. दोन्ही ठिकाणी सांगितले ते एकच. १३ वर्षांच्या आत सुरू होणारा स्किझोफ्रेनिया फार विरळा असतो, इतक्या लहान वयात शिक्का मारण्याची घाई नको, मात्र हा सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाचे भान सुटण्याचा आजार, आहे आणि औषध आजपासूनच सुरू करावे लागेल.

सायकोसिसला मराठीत मनोविकृती म्हणतात. आपल्या भाषेत ‘विकृत’ ही शिवी आहे, आणि नऊ वर्षांच्या आजारी मुलाच्या कागदावर तो शब्द वाचताना आईला काय वाटते हे परिभाषा घडवणाऱ्यांनी एकदा जाणून घ्यावे. ‘तीव्र मानसिक आजार’ एवढे म्हटले तरी अर्थाला काही कमी पडत नाही.

आता त्या रात्रीविषयी लिहिते. औषध लागू पडण्याच्या आधीची ती गोष्ट आहे. पावसाळा होता, विहीर घरापासून वीस पावलांवर काठोकाठ भरलेली होती, आणि तो सारखा म्हणत होता की त्याला आत बोलावले आहे. आम्ही दार लावले तर तो पत्र्यावर डोके आपटू लागला. माझे पती आणि मी आलटून पालटून त्याला धरून बसलो. पहाटे तीनच्या सुमारास आम्हा दोघांचेही हात चालेनासे झाले, तेव्हा सासूबाईंच्या जुन्या लुगड्याने आम्ही त्याला बाजेला बांधले आणि उजाडेपर्यंत त्याच्या उशाशी बसून राहिलो. मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती असलीच पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एर्वाडी येथे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या २८ रुग्णांना पळता आले नाही. हे सर्व मान्य करूनही मला शासनाला विचारायचे आहे की पहाटे तीन वाजता, वीस पावलांवर विहीर असताना, लुगड्याच्या जागी आम्ही काय वापरायचे होते? आता माझ्या फोनमध्ये टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. नंतरच्या एका वाईट रात्री पलीकडच्या ताईंनी माझ्याशी पाऊण तास धीराने बोलून मला सावरले, त्यांची मी ऋणी आहे. परंतु फोनवरून मुलाला गोळी देता येत नाही आणि खाटही देता येत नाही.

२०१७ च्या याच कायद्याचे १८ वे कलम मी मराठीतून समजून घेतले आणि मला आश्चर्य वाटले, कारण माझे सारे म्हणणे त्यात आधीच लिहून ठेवलेले आहे. बालमानसिक आरोग्यसेवा ही शासनाने द्यावयाच्या किमान सेवांपैकी एक आहे. मुलांसह कोणत्याही मानसिक रुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, असे त्यात म्हटले आहे. आवश्यक औषधांच्या यादीतील मानसिक आजाराची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वर, सर्व सरकारी दवाखान्यांत कायम आणि विनामूल्य मिळाली पाहिजेत, असेही त्यात आहे. जिल्ह्यात या किमान सेवा नसतील, तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावा, इथपर्यंत कायदा गेला आहे. प्रत्यक्षात आम्ही दर महिन्याला पहाटे चारला घर सोडतो आणि रात्री दहाला परततो. २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट निम्मे झाले याचा मला खरोखर आधार झाला आहे. तरीही त्या दिवसाचे माझे मानधन, यजमानांचा रोज आणि गर्दीने बिथरलेल्या मुलाचे ते अठरा तास कोणत्याही सवलतीत बसत नाहीत.

औषधाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘गोळ्या चालू आहेत ना, मग झाले’ असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. मुलाला रिस्पेरिडोन चालू आहे. त्याला लागणारी लहान मात्रा किंवा पातळ औषध तालुक्याच्या दुकानांत बहुधा नसते, म्हणून मोठी गोळी ब्लेडने कापावी लागते आणि दोन तुकडे कधी सारखे होत नाहीत. औषधाने त्याचे आवाज मंद झाले, तो झोपू लागला, पुन्हा बहिणीशी भांडू लागला; घरात भांडण ऐकू आले म्हणून आनंद झालेली मी एकटीच आई नसेन. त्याच औषधाने त्याची भूक इतकी वाढली की पाच महिन्यांत सहा किलो वजन चढले, त्यामुळे साखर आणि चरबी तपासण्यासाठी ठरावीक काळाने रक्त द्यावे लागते. गेल्या वर्षी अतिवृष्टीत रस्ता बंद झाला आणि आमच्याकडच्या गोळ्या संपल्या. नवव्या दिवशी त्याची झोप गेली, बाराव्या दिवशी कानांत पुन्हा कापूस आला. नंतर पूर्वीच्या जागी यायला त्याला तीन महिने लागले.

माझ्याच कामातले उदाहरण देते. आमच्या गावात क्षयरोगाचा रुग्ण सापडला तर त्याची निक्षय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद होते, औषध मोफत मिळते, तो ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर नोंद त्याच्यामागे जाते आणि डोस चुकला तर आशाताई घरी येऊन विचारतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या वस्तीवरच्या एका कोयत्याबरोबर, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्याबरोबर, दरवर्षी एक अकरा वर्षांची मुलगी जाते. तिला कधी अतोनात उत्साह येतो, दिवसचे दिवस ती झोपत नाही, आणि कधी महिनाभर तोंड उघडत नाही. दसरा-दिवाळीनंतर ती कारखान्याच्या तळावर जाते आणि उन्हाळा लागताना परत येते. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी दिलेला कागद तळाजवळच्या दवाखान्यात चालत नाही, म्हणून मधले पाच-सहा महिने औषध बंद राहते आणि दर उन्हाळ्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. क्षयाच्या रुग्णाला जे मिळते ते या मुलीला देणे अशक्य आहे असे मला कोणी पटवून देऊ शकेल असे वाटत नाही.

अडचणीचे मूळ मला आमच्या रजिस्टरांत आणि तक्त्यांत दिसते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. जन्मतः असलेली व्यंगे, जीवनसत्त्वांची कमतरता, लहानपणचे आजार आणि विकासातील विलंब हे सर्व तपासतात. त्या पथकाने आमच्या गावातली हृदयाला छिद्र असलेली दोन बाळे वेळेत शोधली, त्यामुळे त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझ्या मुलाला त्यांच्यापुढे उभे केले तेव्हा डॉक्टरांनी सगळा तक्ता पाहिला आणि शेवटी समासात हाताने लिहिले, कारण भास होणाऱ्या मुलासाठी त्यात रकाना नव्हता. विशेष शाळेत गेले तर तेथे सांगितले की शाळा बौद्धिक अक्षम मुलांसाठी आहे आणि याची बुद्धी चांगली आहे. साध्या शाळेत सांगितले की ठीक झाल्यावर आणा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, मात्र राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढेच येते. मानसिक आजार येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. त्याहून लहान मुले त्यात मोजली गेली नाहीत, आणि ज्या १२ राज्यांत पाहणी झाली त्यांत महाराष्ट्र नव्हता. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी पद मंजूर होत नाही, औषधाची मागणी वर जात नाही, हे रजिस्टर भरणाऱ्या कोणालाही समजते.

आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी मात्र कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहिली नाही. मुलाला त्यांनी दाराजवळची जागा दिली, आवाज वाढले की बाहेर लिंबाखाली जाऊन बसायची मुभा दिली, आणि रोज दोन तासांपासून सुरुवात केली. आज तो चार तास बसतो. तो बाहेर जाऊ लागला की वर्गातली मुले वर न पाहता लिहीत राहतात. हे त्यांनी त्यांना कसे शिकवले ते मला ठाऊक नाही.

धाकटीविषयी लिहायचे टाळणार होते, पण टाळू नये. फवारणीचे औषध, विळा, काडेपेटी कोठे दडवली आहे हे पाच वर्षांच्या त्या मुलीला ठाऊक आहे, आणि काहीही झाले तरी ती ते भावाला सांगत नाही. इतकी समज या वयात येऊ नये. तपासणीच्या दिवशी एखाद्या डॉक्टरांनी कधी तिलाही दोन प्रश्न विचारावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. जालन्याला नवे प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाले याचे मी मनापासून स्वागत करते. त्याचे नकाशे आणि पदे ठरवणाऱ्यांनी मुलांचा कक्ष सुरुवातीपासूनच वेगळा धरावा. अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे आणि त्याच्यासोबत घरचे माणूस पूर्ण वेळ राहावे, असे कायदाच सांगतो. बंगळुरूला मी मुलाच्या शेजारच्या खाटेवर राहिले आहे, त्यामुळे त्याने काय फरक पडतो ते मला माहीत आहे. मात्र इमारत उभी राहीपर्यंत थांबण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे आठवड्यातून एक दिवस केवळ मुलांच्या मानसिक आजारांची ओपीडी ठेवावी आणि चार खाटा आईसह राहण्याजोग्या कराव्यात. एकदा बसवलेले औषध महिन्याच्या महिन्याला ग्रामीण रुग्णालयातून मिळावे, तेथील डॉक्टरांनी वजन आणि रक्त पाहावे, अडले तर मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलावे. उपचाराचे पुस्तक राज्यातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात चालावे. एवढे झाले तर दोनशे किलोमीटरचा प्रवास वर्षातून दोनदाच करावा लागेल.

आपल्याकडेही एक मागणी आहे. ‘माथेफिरूचा हल्ला’, ‘मनोरुग्णाचा धुमाकूळ’ असे मथळे आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. असा मथळा आला त्या आठवड्यात माझ्या मुलाबरोबर खेळायला कोणी येत नाही. कृपया ते शब्द वापरणे थांबवावे.

मराठवाड्यात असे मूल वाढवणाऱ्या अन्य पालकांनी माझ्यासाठी आपल्या कार्यालयाकडे पत्र पाठवले तर ते माझ्यापर्यंत पोहोचवावे. माझा पत्ता आपणांस स्वतंत्र कागदावर कळवला आहे. दुपारी अंगणवाडी सुटल्यानंतर मी प्रत्येकाला उत्तर लिहीन. कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात, कोणते कागद सोबत न्यावेत, गोळी कशी कापावी, हे सर्व कळवीन.

आपली विश्वासू,
एक अंगणवाडी सेविका, मराठवाडा